डब्यातली सहावी चिठ्ठी

१

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता सगळे रिगमोरच्या घरी जमत आणि जुलैत कुठल्या समुद्रावर जायचं ते ठरत असे. त्यांच्या ओडेन्स शहरात त्या वेळी बाहेर उजेड संपत आलेला असतो. टेबलावर मेणबत्त्या, कॉफी, लोणी लावलेले बन, थरांचा केक आणि मधोमध बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. त्यात बिस्किटं नसत, चिठ्ठ्या पडत.

पद्धत रिगमोरच्या आईने, एलिनोरने घालून दिलेली. दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक चिठ्ठी, एक मत, आणि तेही गुप्त. ज्या जागेला जास्त चिठ्ठ्या, तिथे सगळ्यांनी जायचं आणि जाऊन कुरकुर करायची नाही. मतं पाच. एलिनोर, रिगमोर, तिचा नवरा आसगर, तिचा थोरला भाऊ टोर्किल आणि त्याची बायको बेनेडिक्ट. रिगमोरची मुलगी लिव्हा आठ वर्षांची, तेव्हा तिला अजून दोन वर्षं नुसता केक.

रिगमोर बारा वर्षं चिठ्ठीवर बोर्नहोल्म बेटाचं नाव लिहीत होती. तिथली वाळू इतकी बारीक की पूर्वी वाळूच्या घड्याळात भरत. पाणी उथळ, ऊन बाकी देशापेक्षा जास्त, लहान मुलांना कसलंच भय नाही. बारा वर्षांत एकदाही बोर्नहोल्म झालं नाही. टोर्किलला देशाच्या उत्तर टोकाचं स्कागेन हवं असे, पांढऱ्या पँटी घातलेल्या श्रीमंतांना दुरून बघायला. बेनेडिक्टला स्वीडनमधलं ओलांड हवं, कारण तिचे आईवडील तिथे आयते बसलेले. एलिनोरला फिनलंडमधलं हांको, कारण एकसष्ट साली ती तिथे कुणाबरोबर तरी नाचली होती आणि तो कोण हे तिने आजवर सांगितलेलं नाही. आणि आसगरला नॉर्वेचं लोफोटेन. तिथला किनारा फोटोत फारच सुरेख दिसतो. पाण्यात पाय घातला की घोट्याखालचा पाय आपला राहत नाही, एवढंच. दर वर्षी पहिल्या फेरीत पाच चिठ्ठ्यांवर पाच नावं निघत. मग प्रत्येकाने आपल्या जागेची भलावण करायची, मग दुसरी फेरी, आणि दुसऱ्या फेरीत बहुतेक वेळा कुणीतरी टोर्किलला सांभाळून घेई, कारण टोर्किल रुसला की तीन आठवडे रुसतो. हा कुठला न्याय, असं रिगमोरला दर वर्षी वाटे आणि ती केकचा तुकडा जरा जोरातच कापी.

चिठ्ठ्या कापायचं आणि मोजायचं काम मात्र तिचं. खऱ्या निवडणुकीतही ती मतदान केंद्रावर हौसेने मोजणीला बसे. प्रत्येक मत दोनदा मोजायचं, कोरं वेगळं ठेवायचं, हे तिच्या अंगात भिनलं होतं. एका कागदाच्या आठ चिठ्ठ्या. पाच वाटायच्या, तीन खणात.

दोन वर्षांपूर्वी डब्यातून सहा चिठ्ठ्या निघाल्या. सहावी कोरी होती, जराशी सर्द. दोन चिकटल्या असतील म्हणून तिने सोडून दिलं, पण खणात बघितलं तर तीन होत्याच. गेल्या वर्षी पुन्हा सहा. सहावीवर पेन्सिलीने एका पायरीची शिडी काढली होती. नीट बघितलं तर तो एच होता, म्हणजे एच व्हायचा प्रयत्न होता. तिने टोर्किलला धरलं. टोर्किल म्हणाला, मला फसवायचंच असतं तर मी स्कागेन लिहिलं असतं की. यात तथ्य होतं आणि म्हणूनच ती जास्त चिडली.

२

या वर्षी तिने पाच चिठ्ठ्यांच्या मागे बारीक सही केली. खणात तीन आहेत हे आसगरला दाखवलं. डबा उलटा करून आपटला, आतून पुसला आणि सगळ्यांसमोर ठेवला. आसगर म्हणाला, अगं सुट्टीला जायचंय, सरकार निवडायचं नाही. ती म्हणाली की सरकार निवडताना लोक एवढा खोटेपणा करत नाहीत.

पाच जणांनी पाच चिठ्ठ्या टाकल्या. ती प्रत्येकाचा हात बघत होती. मग झाकण उघडून मोजायला लागली. बोर्नहोल्म, स्कागेन, ओलांड, हांको, लोफोटेन आणि आणखी एक.

कागद तोच होता, तिच्याच कात्रीने कापल्यासारखा, पण मागे सही नव्हती. पाण्यात पडून वाळलेला कागद फुगतो तसा तो फुगलेला. त्यावर पेन्सिलीने, प्रत्येक अक्षर दाबून दाबून लिहिलं होतं: हाल्सोर. मधला एस उलटा काढलेला.

हाल्सोर कुणालाच ठाऊक नव्हतं. टोर्किलने मोबाइलवर शोधलं तर निघालं, देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, युटलंडमध्ये, वाळूच्या टेकाडांत भाड्याची घरं आणि एक आइस्क्रीमची टपरी. किनारा छान दिसतोय, असंही तो म्हणाला.

साहजिकच सगळ्यांनी लिव्हाकडे पाहिलं. लिव्हा सोफ्यावर पाय वर घेऊन केक खात होती. आपल्यावर आळ आलाय हे कळताच तिचा चेहरा रागाने लाल झाला, अगदी आईसारखा.

"मी एस उलटा काढत नाही," ती म्हणाली. "पहिलीतसुद्धा काढत नव्हते. आणि मला मत कुठाय? तुम्हीच देत नाही."

एलिनोर हसली. पोरीचं म्हणणं बरोबर आहे, म्हणाली. रिगमोरला मात्र हसू आलं नाही. तीन वर्षांत कोरा कागद, मग एक अक्षर, मग सबंध शब्द. कुणीतरी लिहायला शिकत होतं, असा विचार तिच्या मनात आला आणि इतका खुळा वाटला की तिने तो तिथल्या तिथे झटकून टाकला.

३

त्यानंतर तिने जे केलं त्याचा दोष तिला दुसऱ्या कुणावर टाकता येत नव्हता, आणि तिने पुढे प्रयत्न पुष्कळ केला.

भाषणं झाली. कुणीच हटायला तयार नव्हतं. दुसऱ्या फेरीच्या आधी रिगमोर उठली आणि म्हणाली की एवीतेवी नियम धाब्यावर बसवलाच आहे कुणीतरी, तर मग लिव्हालाही मत हवं. एलिनोरने भुवया उंचावल्या. टोर्किल म्हणाला, वा, सोयीचं आहे. सोयीचंच होतं. स्वयंपाकघरात नेऊन तिने लिव्हाला हळूच सांगितलं होतं, बोर्नहोल्म लिही, बी ओ आर. दोन मतं झाली की बारा वर्षांचा हिशेब एकदाचा फिटणार होता.

तिने दुसऱ्या फेरीसाठी नव्या सहा चिठ्ठ्यांवर सह्या केल्या आणि लिव्हाच्या हातात एकच दिली. लिव्हाने हाताचा आडोसा करून लिहिलं, घडी घातली, डब्यात टाकली. रिगमोरची नजर त्या हातावरून हलली नाही.

चिठ्ठ्या सात निघाल्या. पाच जणांची पाच गावं होती तिथेच होती. हाल्सोर दोनदा होतं. एक सुवाच्य, सही असलेल्या कागदावर, एसला छान वेलांटी दिलेलं. एक फुगलेल्या कागदावर, एस उलटा.

"बरं," टोर्किल म्हणाला. "हाल्सोर तर हाल्सोर."

रिगमोर भडकली. ही मोजणीच नव्हे, म्हणाली. ज्याचं नाव यादीत नाही त्याचं मत बाद. टोर्किल शांतपणे म्हणाला की मग लिव्हाचंही बाद, तिचंही नाव यादीत नव्हतं, तूच घुसवलंस, आणि आता निकाल आवडला नाही म्हणून तूच ओरडतेस. बेनेडिक्टला पोरीने गंमत म्हणून दोन चिठ्ठ्या टाकल्याचं कौतुकच वाटत होतं. रिगमोर सांगत राहिली की तिच्या हातात एकच होती, मी बघत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी सगळे एलिनोरकडे वळले. एलिनोरने कॉफीचा कप खाली ठेवला.

"डब्यात पडलेलं मत बाहेर काढून परत करता येत नाही," ती म्हणाली. "हे तूच मला शिकवलंस ना, रिगमोर?"

तिनेच शिकवलं होतं. मतदान केंद्रावर पहिल्या दिवशी हेच सांगतात: पेटीत पडलं ते पडलं, मग टाकणारा कुणी का असेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाहुणे गेल्यावर तिने लिव्हाला समोर बसवलं आणि विचारलं, दोन चिठ्ठ्या कुठून आणल्यास? लिव्हा म्हणाली, एकच माझी, दुसरी त्याची. त्यानेच सांगितलं होतं की तुला मत मिळालं की माझ्या गावाला दे.

"तो कोण?" रिगमोरने विचारलं.

"तो नाही," लिव्हा म्हणाली. "ते."

४

आठ वर्षांच्या मुलीला नसलेला मित्र असतो. पुस्तकांत लिहिलेलं असतं, शाळेतल्या बाईही तेच म्हणाल्या. रिगमोरने ते मान्य केलं. मित्र असू दे. पण नसलेल्या मित्राला पेन्सिल धरता येत नाही, आणि हे ती ज्याला ज्याला सांगायला गेली त्याने तिच्याकडे अशा सहानुभूतीने पाहिलं की तिला हात उगारावासा वाटला.

फेब्रुवारीत तिने घर आरक्षित केलं, कारण ते कामही दर वर्षी तिचंच. अर्जात माणसं सहा लिहिली. मोठी पाच, मूल एक. पुन्हा एकदा वाचून मगच पाठवला. आठवड्याने खात्रीपत्र आलं, त्यात सात होती. मोठी पाच, मुलं दोन.

तिने फोन लावला. तिकडची मुलगी तरुण होती आणि फार गोड बोलत होती. रिगमोरने सुनावलं की मी माणसं सहा लिहिली आहेत, तुमच्याकडे वाचता येणारं कुणी आहे का? मुलीने अर्ज उघडून वाचून दाखवला. मुलं दोन. मग ती म्हणाली की काळजी नको, घर आठ जणांचं आहे, आणि समुद्राकडच्या खोलीत दोन छोटे पलंग आहेत, मुलांना तीच खोली आवडते.

"मला एकच मूल आहे," रिगमोर म्हणाली.

"बरोबर," मुलगी म्हणाली, "पण दोघांची जागा आहे."

त्या संध्याकाळी तिने सगळं रद्द करायचं ठरवलं. आसगरला ते पटेना. एका उलट्या एसपायी आपण तुझ्या आईची सुट्टी मोडायची का, असं त्याने विचारलं. एलिनोर ब्याऐंशीची. पुढच्या जानेवारीत टेबलापाशी असेन की नाही कोण जाणे, असं ती हल्ली बनला लोणी लावता लावता सहज म्हणून जाई. रिगमोरला पटत होतं, आणि आपल्याला पटतंय याचाच संताप येत होता.

५

हाल्सोर सुरेख होतं. हा तर अगदी कळस. रुंद पांढरी वाळू, रात्री अकरापर्यंत उजेड, टेकाडांवर रानगुलाब फुललेले, गर्दी नाही. टोर्किल म्हणाला की स्कागेनपेक्षा बरं. बेनेडिक्टने ओलांडचं नाव काढलं नाही. एलिनोर सकाळी बाथरोब घालून पाण्यात तीन डुबक्या मारून येई आणि वीस वर्षांनी लहान दिसे. सगळे इतके खूश होते की एकट्या रिगमोरने तोंड पाडून बसणं तिला स्वतःलाच शोभेना.

किनाऱ्यावर लाल चड्डीतला जीवरक्षक होता. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की दुसऱ्या वाळूच्या पट्ट्यापलीकडे जाऊ नका, मध्ये खड्डे आहेत, तळ एकदम जातो. लिव्हा कधीच तिथवर गेली नाही. ती घोटाभर पाण्यात खेळे. रिगमोरला नेमकं तेच बोचत होतं. जिला पाण्याबाहेर काढताना घरी आरडाओरडा व्हायचा, ती पोरगी इथे पाण्याच्या कडेला गुपचूप उभी राहायची, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी.

समुद्राकडच्या खोलीत दोन पलंग होते. लिव्हा खिडकीजवळच्या पलंगावर झोपे. तिसऱ्या सकाळी दुसऱ्या पलंगाची चादर ओली होती आणि उशीवर वाळू. लिव्हाने ओला टॉवेल टाकला असेल. रिगमोरने चादर बदलली, दाराला बाहेरून खुर्ची लावली. चौथ्या सकाळी चादर पुन्हा ओली. आसगर म्हणाला, पश्चिमेचा किनारा आहे, सगळंच दमट असतं. तिने विचारलं, मग एकच पलंग कसा दमट? आसगरने खांदे उडवले आणि कॉफी घेतली.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या लख्ख उन्हात ती टेकाडावरून खाली बघत होती. लिव्हा पाण्याच्या कडेला उभी. डावा हात बाजूला, खांद्यापेक्षा जरा खाली, बोटं अर्धवट मिटलेली. आपल्यापेक्षा लहान कुणाचा हात धरल्यावर हात जसा राहतो, तसा. शेजारी कुणी नव्हतं. लाट आली आणि मागे गेली. लिव्हाच्या पायांभोवती पाणी फुटलं आणि तिच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर, पाणी तसंच फुटलं.

रिगमोर धावत खाली गेली. लिव्हाला उचललं आणि मगच वाळूकडे पाहिलं. घराकडून लिव्हाची पावलं आली होती. दुसरी पावलं छोटी, अनवाणी, पाण्यातून वर घराकडे गेलेली. कितीतरी होती, चार दिवसांची असावीत, काही वाऱ्याने बुजलेली. परत पाण्याकडे आलेलं पाऊल एकही नव्हतं.

"कुणाचा हात धरला होतास?" तिने विचारलं.

"थंड असतो," लिव्हा म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर रिगमोरने सांगितलं की मी आणि लिव्हा आत्ताच घरी चाललो. राईच्या पावावर हेरिंग मासा घेताना टोर्किलचा हात थांबला. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, तो म्हणाला, एकटीने उठून जाणं बरं दिसत नाही. बेनेडिक्ट म्हणाली की अजून नऊ दिवस आहेत. आसगर म्हणाला, आपण बोलू. एलिनोर पावाला लोणी लावत राहिली, आणि रिगमोरला सगळ्यात जास्त राग तिचाच आला.

"बारा वर्षं मी तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "स्कागेनला गेले, थंडीने कुडकुडत लोफोटेनला गेले, एकदाही कुरकुर केली नाही. आता माझ्या पोरीचा प्रश्न आहे. तो मतांनी ठरत नाही."

तिने गाडीची किल्ली उचलली. आसगर मागोमाग दारापर्यंत आला, पण त्याने अडवलं नाही.

६

ती लिव्हाचं सामान डिकीत टाकून निघाली तेव्हा एक वाजला होता. आभाळ निळं होतं, टपरीपुढे लोक आइस्क्रीमसाठी रांगेत उभे होते. डांबरी रस्ता लागला, टेकाडं मागे पडली, शेतं सुरू झाली. रिगमोरचा श्वास पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला. ती मोठ्याने बोलत होती, टोर्किलला, आईला, त्या गोड मुलीला, समोर नसलेल्या सगळ्यांना. सुटलो, ती म्हणाली. हवं तर तोंड पाहू नका माझं. लिव्हा मागच्या सीटवर बसली होती.

मग गाडी वाजायला लागली.

मागे कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते तशी, एकसारखी. समोरच्या काचेवर छोटं चित्र उमटलं: मागच्या तीन जागा, दोन जागांवर माणसाची खूण, त्यातली एक लाल. डावीकडची. लिव्हा उजवीकडे बसली होती.

सीटवर पिशवी असेल. तिने कडेला गाडी थांबवली, उतरली, मागचं दार उघडलं. पिशवी नव्हती. सीट रिकामी होती, मधोमध थोडी दबलेली. तिने हात लावला तर ओली. डोळ्यांत पाणी येईल इतका राग तिला आला. तिने आपल्या स्वेटरने सीट खसाखसा पुसली, रस्त्याच्या कडेला उभं राहून ओरडली की उतर, माझ्या गाडीतून उतर, इथे तुला कुणी बोलावलेलं नाही. शेजारून एक ट्रॅक्टर गेला. चालवणाऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने मान फिरवली.

आवाज थांबला होता. तिने दार लावलं आणि गाडी सुरू केली. वेग घेतल्याबरोबर पुन्हा वाजायला लागली.

"त्याला पट्टा लावता येत नाही," लिव्हा म्हणाली. "मी लावून देऊ?"

"हात लावू नकोस. आपल्या जागेवर बस."

"कान दुखतात, आई."

खट्ट असा आवाज झाला. वाजणं थांबलं. काचेवरची लाल खूण हिरवी झाली.

रिगमोरने आरशात पाहिलं. पट्टा ओढून लावलेला होता, रिकाम्या सीटवर, पण सीटला चिकटलेला नव्हता. मध्ये जागा सोडून तो ताणलेला होता आणि थोडा सैल होत होता, थोडा घट्ट होत होता, सावकाश.

"आता परत जायला नको म्हणतंय," लिव्हा म्हणाली. "आधी त्याला मत टाकून परत जावं लागायचं."

 रागावता येईल असं रिगमोरला काही सापडेना. समोर महामार्गाची पाटी आली, ओडेन्स एकशे सत्तर. गाडी मागे वळवून त्याला तिथेच नेऊन सोडावं, की असंच पुढे जावं, की इथेच थांबून लिव्हाला घेऊन पळावं? तिने इशारा दिला, वेग कमी केला, गाडी गवताच्या कडेला घेतली.

"लिव्हा," ती जमेल तेवढ्या शांत आवाजात म्हणाली, "पट्टा काढ. तुझ्या बाजूच्या दाराने खाली उतर. मी आलेच."

तिने मागे वळून पाहिलं. लिव्हाने उजव्या हाताने पट्टा काढला होता. डावा हात मधल्या सीटवर पसरलेला होता, बोटं अर्धवट मिटलेली, टोकांशी पांढरी पडलेली. ती हात ओढत होती. या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

"आई," लिव्हा म्हणाली, "ते सोडत नाहीये."